पापडीची उडी

महिलांच्या नव्या राष्ट्रीय व्हॉलीबॉल लीगसाठी वसईत निवडचाचणी होती. जवळच्या पापडी गावातल्या संजनाचे पहिले दोन्ही स्मॅश रेषेबाहेर गेले. निवडायला बसलेल्या विनयाताईंनी तिला जवळ बोलावलं. "उडी एवढी उंच कशाला घेतेस?" "नेट खाली वाटते, मॅडम. गावात आम्ही मुलांच्याच नेटवर खेळतो. आमच्यासाठी ती कोन उतरवनार?" विनयाताईंनी नेट पुरुषांच्या उंचीवर चढवायला लावली. संजना धावत आली, उडाली आणि चेंडू समोरच्या दोघींच्या हातांवरून सणसणत जमिनीवर आदळला. "खालच्या नेटची सवय चार दिवसांत होईल. अशी उडी शिकवून येत नाही. घेतलं तुला," विनयाताई म्हणाल्या. तरी संजना जागची हलेना. "मॅडम, आमच्या अजून पाच जनी गेटबाहेर हायेत. उडी अशीच, पन फॉर्म भरायचा धीर नाय झाला." विनयाताईंनी कोरे फॉर्म उचलले. "चल, कुठायत त्या?"