दोन्ही हात वर

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पुरिताला वर्ष झालं, तरी उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या, असंच ऑपरेशन झालेल्या तिच्या गटातल्या बायका मात्र रोज फोनवर लिहायच्या, 'मी अगदी पहिल्यासारखी!' मग तीही तसंच लिहायची, आणि लेकीची वेणी शेजारणीकडून घालून घ्यायची.

आज गुलाबी शर्ट घालून सगळ्या फोटोसाठी रांगेत उभ्या होत्या. "दोन्ही हात वर, मुठी आवळा!" गट चालवणाऱ्या संस्थेच्या बाई ओरडल्या. "जिंकलेल्या बायका ना तुम्ही? मग तोंडं कशाला पाडताय? आधी फोटो, मग पान्सितच्या शेवया!"

"हस गं पुरिता," बाजूची नेनिता पुटपुटली, "दात तरी ठेवलेत डॉक्टरांनी."

पुरिताने डावा हात वर केला. आता आपलं खोटं उघडं पडणार म्हणून डोळे मिटून घेतले. "अजून वर, अजून वर" करून बाई थकल्या आणि शेवटी त्यांनी तसाच फोटो काढला.

संध्याकाळी तो सगळ्यांच्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही जिंकलो!' पुरिताने तो मोठा करून पाहिला.

 

बायका पंधरा होत्या, आणि वर गेलेले हातही पंधराच होते.