एका जागेसाठी नऊ शेळ्या

दिपिकाचा रोबो चालला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालीनेही वाजवल्या. फक्त तिच्या सगळ्यांत आधी थांबल्या.

रोबो म्हणजे पाण्याची रिकामी बाटली, दोन चाकं आणि एक मोटार. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, भिंतीला धडकला आणि उताणा पडला. मृणालीचा रोबो याच्यापेक्षा कितीतरी शहाणा होता. रोज संध्याकाळी साडेपाचला तो न सांगता शेळीपुढे दाणे टाकायचा. पण त्याचं किट आजोबांनी विकत आणलेलं, म्हणून भरत सर त्याला नुसतं "छान" म्हणाले होते. बाटलीला मात्र ते "इनोव्हेशन" म्हणाले.

दिघाशीचा हा युवा क्लब केसरीनाथांच्या, म्हणजे मृणालीच्या आजोबांच्या, शेडमध्ये भरायचा. पूर्वी तिथे कोंबड्या होत्या, आता नेतृत्व शिकवत. दापोड्याची जमीन गोदामांना दिल्यापासून केसरीनाथांना समाजकार्याची ओढ लागली होती. एका संस्थेचे भरत सर शनिवार-रविवारी येत. नऊ मुलं आणि नऊ शेळ्या. चिठ्ठ्या टाकून ज्याला जी मिळाली ती त्याची. बाकीचे दिवस शाळेहून आल्यावर आपापल्या शेळीचं बघायचं.

मृणालीच्या शेळीचं नाव एंजल होतं. दिपिकाच्या शेळीचं नाव काळी होतं, कारण ती काळी होती.

पुण्याच्या दहा दिवसांच्या शिबिराला क्लबातून एकच जण जाणार होता. आपण जाणार, हे मृणालीने भिवंडीतल्या तिच्या इंग्रजी शाळेत वर्गभर सांगून ठेवलं होतं. निवड होणं तेवढं बाकी होतं.

"जिव्याची पोर लय हुशार हाय म्हनं," रात्री जेवताना आजी जानकीबाई म्हणाली. जिव्या त्यांच्याच जमिनीवरच्या गोदामात हमाल होता. दिपिका त्याची मुलगी, गावामागच्या पाड्यावर राहायची आणि गावातल्याच शाळेत जायची.

"कोण म्हणतं?"

"तुजं आजोबाच म्हनतान. म्हावरं घे गो, तोंड नको पाडू."

केसरीनाथ माशाचे काटे काढत राहिले. मृणालीला त्या दिवशी म्हावरं गोड लागलं नाही.

पुढच्या शनिवारी सरांनी निवडीची रीत सांगितली. "लीडर कोण? ज्याच्या मागे लोक आपणहून येतात तो. महिन्याने सगळ्या शेळ्या अंगणात मोकळ्या सोडू. तुम्ही गोल उभे राहायचं. हाक मारायची नाही, हातात खाणं नाही. ज्याची शेळी पहिली त्याच्यापाशी येईल, तो पुण्याला."

"आनि येकबी नाय आली तर?" भूपेशने झोपेतून उठून विचारलं. भूपेश क्लबात मुख्यतः झोपायचा, तेही शेळीच्या अंगावर डोकं टेकून.

"तर मी जाईन," सर म्हणाले.

मृणालीला एंजलला आणखी जीव लावता आला असता. तो विचार तिला सुचलाच नाही. तिला सुचली ती काळी.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे सहाला रनिंगला जाऊ लागली. रनिंग घरापासून शेडपर्यंत असायचं. ती काळीला गूळ द्यायची, गोचीड काढायची, मान खाजवायची. चौथ्या दिवशी काळी दाराशी येऊन उभी राहिली. दहाव्या दिवशी मृणालीला कळलं, की काळीला डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं. सरांनी शिकवलेलं प्राणिसंगोपन तिने पहिल्यांदाच इतकं मनापासून केलं.

तिकडे तिच्या यंत्रात काहीतरी बिघडलं होतं. साडेपाचला दाणे पडायचे, एंजल हुंगायची आणि तोंड फिरवायची. मृणालीने दाणे बदलले, मग सेन्सर बदलला.

"एंजल खात न्हाय का गो?" दिपिकाने काळजीने विचारलं.

"खाते. तू तुझ्या काळीचं बघ."

"काळीबी हल्ली खात न्हाय बघ नीट," दिपिका म्हणाली आणि हसली. हिला हसायला कसलंही कारण पुरतं, मृणालीच्या मनात आलं. ती सेन्सरकडे बघत राहिली.

महिन्याने रविवारी अर्धा गाव जमला. जिव्या सदरा घालून मागे उभा होता, केसरीनाथ खुर्चीत पुढे. सरांनी शिट्टी वाजवली आणि शेडवरच्या गड्याने, नवशाने, फाटक उघडलं.

दोन शेळ्या थेट रस्त्याला लागल्या. एक संस्थेचा बॅनर खाऊ लागली. काळी अंगणाच्या मध्यावर थांबली, मान वर करून तिने गोलावरून नजर फिरवली आणि सरळ मृणालीकडे आली. तिच्या गुडघ्याला डोकं घासू लागली.

मृणालीने दिपिकाकडे पाहिलं. दिपिकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या पहाटा त्या एका क्षणात वसूल झाल्या. आता एंजल आली की पुणं. मृणालीने एंजलला शोधलं.

एंजल दिपिकाच्या ओढणीचं टोक चघळत उभी होती.

"भूपेश!" सर ओरडले. भूपेशची शेळी त्याच्या पायाशी येऊन बसली होती. भूपेशला वाटलं आपलं काही चुकलं. सरांनी त्याचं नाव वहीत लिहिलं.

गर्दी तिकडे वळली. दिपिका एंजलला घेऊन हळूहळू मृणालीच्या शेजारी येऊन उभी राहिली. कुणाची शेळी कुणी धरावी हे दोघींनाही कळेना.

"तू सकाळची यायचीस ना?" दिपिका समोर बघतच पुटपुटली. "मी मधल्या सुट्टीत यायची."