हो म्हणणारा

गुलाबराव लोखंडाच्या मिलमधून आले ते चप्पल न काढताच गुंजनच्या टेबलापाशी. हातात टाइप केलेले तीन कागद होते.

"हे वाचून दे वो पोरी. उद्या दहा वाजता सही करून द्याचं आहे."

गुंजनने आपल्या तिसऱ्या प्रकरणाची पानं बाजूला सारली. पाच वर्षं ती जुन्या ग्रीक संवादांवर पीएचडी करत होती. हुडको कॉलनीतल्या शेजाऱ्यांना अजून वाटायचं, ही पोरगी ग्रीसला नोकरीला जाणार. त्या संवादांत एक जण प्रश्न विचारत जातो, दुसरा हो म्हणत जातो, आणि शेवटी हा हो म्हणणारा अशा जागी येऊन उभा राहतो, जिथे यायचं त्याच्या मनातही नव्हतं. काही अभ्यासक म्हणतात, हा दुसरा म्हणजे नुसतं बाहुलं. गुंजनने चाळीस पानं खर्चून त्यांना खोडून काढलं होतं. प्रत्येक पायरीवर त्याने स्वतः होकार दिला, तेव्हा निष्कर्षही त्याचाच, असं तिचं म्हणणं. होकारांचा तिने एक तक्ताच केला होता. 'अर्थातच', 'तसं दिसतं खरं', 'दुसरं काय असणार'. नाखुशीचे वेगळे, मनापासूनचे वेगळे. तिच्या गाइड मॅडमना तो तक्ता फार आवडला होता.

वडिलांचे कागद हिंदीत होते. मागच्या आठवड्यात त्यांच्या क्रेनवरचा सळ्यांचा गठ्ठा खाली घसरला आणि साखळी अडकवणाऱ्या भैयालालचा पाय गेला. त्या चौकशीतले हे प्रश्न आणि ही गुलाबरावांची उत्तरं.

क्रेन आप ही चला रहे थे? जी साहब. नीचे आदमी हो तो लोड नहीं उठाना है, यह नियम मालूम है? जी साहब. भैयालाल नीचे था? जी साहब. फिर भी आपने लोड उठाया? जी साहब.

एकतीस प्रश्न, एकतीस वेळा जी साहब. शेवटचा प्रश्न होता, मतलब गलती आपकी है? त्याचं उत्तर तिला मोठ्याने वाचवेना.

"बाबा, ब्रेकचं कुठं आहे याच्यात? ब्रेक सरकून राहिला म्हणून तुम्ही घरी रोज सांगत होते."

"त्यायनं विचारलंच नाही, तं कुठून सांगू?"

"मग सही नका करू. नोकरी जाईल, वरून पुलिस केस."

"आता काय होते? म्हटलं ना मी हो." ते खुर्चीवर टेकले. "तूच तं जेवताना सांगत होती. जो हाव म्हणते, निकाल त्याचाच."

गुंजनला कानाखाली बसल्यासारखं झालं. आपल्या पोरीचं शिक्षण बापाने इतकं मन लावून ऐकलं होतं, आणि त्याचा उपयोग त्याला हा असा झाला. तिने कोरा कागद ओढला. वेगळा जबाब लिहायचा आणि सोबत जोडायचा. प्रश्न विचारण्यात तरी आपल्याला कोणी हरवू शकत नाही, असं तिला वाटलं.

"मी विचारते. ब्रेक तीन दिवसांपासून सरकत होता ना?"

"हाव."

"तुम्ही लॉगबुकमध्ये लिहिलं होतं?"

"हाव."

"तरी कोणी दुरुस्त केला नाही. मग चूक तुमची कशी? मेंटेनन्सची ना?"

"हाव."

ती भराभर लिहीत होती. मग तिचा हात मंदावला. उत्तरं फार सोपी येत होती. तिने मान वर केली. गुलाबराव टक लावून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"आणि बाबा, तुम्ही गठ्ठा जरा घाईनं उचलला, असंही असेल?"

"हाव," ते त्याच आवाजात म्हणाले. मग त्यांनी चाचरत विचारलं, "बरोबर सांगून राहिलो ना मी?"

गुंजनने लिहिलेला कागद फाडला. आपण आणि तो चौकशीवाला साहेब, दोघांनी एकच धंदा केला होता. तिने हात जोडले, खरोखर जोडले.

"आता मी काहीच विचारत नाही. तुम्हीच सांगा."

न विचारता सांगायची त्यांना सवयच नव्हती. दोनदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, की ही काही विचारेल. ती मुद्दाम खिडकीकडे बघत बसली.

"त्या दिवशी क्रेनवर चढाच्या आधी फोरमननं मले विचारलं," शेवटी ते म्हणाले. "गुलाबराव, आज का दिन चल जाएगा ना? ब्रेक खराब आहे, त्यालेबी मालूम, मलेबी मालूम. मी म्हटलं, जी साहब."

गुंजन खिडकीकडेच बघत राहिली.

"भैयालालनं वरतं पाह्यलं. मी ठीक आहे म्हणून हात दाखवला, तवा त्यानं साखळी अडकवली." ते आपल्या हाताकडे पाहत होते. "हा सवाल त्या कागदात नाही."

"बाबा, हे लिहिलं तं फोरमनही फसेल. पण ते म्हणतील, ब्रेक खराब माहीत असून चढलेच कायले. तुमची नोकरी वाचवायला मग काहीच उरत नाही." तिने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "लिहू का?"

"विचारू नको वो आता," गुलाबराव म्हणाले. "लिही."