विरजण

प्रयोगशाळेतल्या काचेच्या घुमटात रोज सकाळी एक चिमुकलं विश्व लावायचं आणि संध्याकाळी विझवायचं, असा शिरस्ता होता. आधी इवलंसं कृष्णविवर सोडायचं. मग विरजणाभोवती दही धरावं तशा त्याच्याभोवती धुळीतून दीर्घिका धरू लागत.

"काल सगळं विझवलंस ना?" टिपणीसमॅडमनी विचारलं.

"हो मॅडम," हेमांगी म्हणाली. "फक्त कृष्णविवर चुंबकी डबीत काढून ठेवलं. रोज नवं करण्यात सगळी सकाळ जाते. घरी विरजण मागे ठेवतोच की आपण!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "डबी कुठंय?"

हेमांगीने कपाटाकडे बोट दाखवलं. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नेहमीसारखी तरंगत नव्हती. ती गोल गोल फिरत कपाटाच्या फटीत शिरत होती. आतून पत्रा चेपल्याचा आवाज आला. हेमांगीच्या ओढणीचं टोक आपोआप उचललं जाऊन कपाटाकडे ताणलं गेलं.

"मॅडम, पळा!"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"कुठे पळणार, हेमांगी? विरजण लागलंय. दूध आता आपण आहोत."