आईशेजारची जागा

"पप्पांची कबर आईशेजारीच खोद," एस्तेर म्हणाली.

कबरी खोदणाऱ्या शांतवनने कुदळ खांद्यावरून उतरवलीच नाही. "तिथं जागा कुठाय, बाई? मास्तरांनी स्वतःसाठी राखलेली जागा पुरात वाहून आलेल्या बाईच्या प्रेताला दिली. चर्चच्या मंडळीतले पंच नकोच म्हणत होते. मी विचारलं, मग तुम्ही कुठं? तर हसले. म्हणाले, देवाच्या राज्यात राखीव जागा नसतात रे. मला भिंतीकडेला टाक."

आई इतकी वर्षं एका अनोळखी प्रेताजवळ निजली होती, आणि आता पप्पाही दूर जाणार होते.

"नाव काय तिचं?"

"कुणाला ठाऊक? फुलं ठेवताना मास्तर 'ताई' म्हणायचे."

पप्पांना बहीण नव्हती. एस्तेर आईशेजारच्या त्या बिननावाच्या क्रुसापाशी गेली. शांतवनला तिने भिंतीकडे जायला सांगितलं आणि वाकून हळूच म्हणाली, "आत्या, आईला सोबत कर."