जतन केलेली पाटी

बंद पडलेल्या हॉस्पिटलचे फ्लॅट झाले. पण वास्तू संरक्षित, म्हणून जुनी पाटीसुद्धा काढायची नाही असा नियम. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं 'शूऽऽ' करत सगळ्यांना दटावणाऱ्या 'शू सिस्टर'ना मुलानं तोच वॉर्ड घर म्हणून घेऊन दिला आणि तो परदेशी गेला.

"आई, करमतंय ना गं?" त्यानं फोनवर विचारलं.

"न करमायला काय झालं? माझाच वॉर्ड! इथं सगळ्यात मोठं भोकाड तूच पसरलं होतंस."

"बरं, मीटिंग आहे. ठेवतो."

सिस्टरनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. 'शांतता राखा.'



तीस वर्षं जिला एका तान्ह्या बाळानंही जुमानलं नाही, त्या पाटीचं आता सगळेच ऐकत होते.