पहिली फेरी

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला इंजिनाचा जोर वाढवणारे दोन मोठे टर्बो बसवायचे म्हटल्यावर सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. "बाहेर कशाला न्यायची? मी काय मेलेय?" सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करण्यात त्यांची हयात गेली होती.

गंजलेले बोल्ट त्यांनी तापवून असे अलगद सोडवले, की एकही तुटला नाही. दोन्ही नवे टर्बो बसले, तेलाच्या नळ्या जोडून झाल्या. मी गाडी सुरू करायला गेले, तर ओरडल्या, "थांब गं! आधी पेटू न देता इंजिन नुसतं फिरव, टर्बोला तेल पोचू दे. तहानलेल्याला कुणी पळवतं का?"

मग गाडी सुरू केली. ॲक्सिलरेटरवर पाय दाबताच टर्बोची अशी शीळ घुमली, की माझ्या अंगावर काटा आला. मी खाली उतरले.

"आई, पहिली फेरी तुमची."

त्या हात चिंधीने पुसत राहिल्या. "मला कुठे येतं चालवायला? यांनी आयुष्यभर बॉनेट तेवढं उघडून दिलं, दार कधीच नाही."

मी त्यांना स्टिअरिंगसमोर बसवलं आणि स्वतः शेजारी जाऊन बसले.

"क्लच कसा चालतो ते तुम्हीच मला शिकवलंत," मी म्हणाले. "कधी सोडायचा, तेवढं मी सांगते."